बसणं मान्य, पाणी अमान्य

आमच्या मॅडमना पुराव्याशिवाय काही पटत नाही. चहा गरम आहे म्हणून सांगितलं तरी त्या आधी कपाला बोट लावून बघतात. क्राकूवच्या विद्यापीठात वीस वर्षं कायदा शिकवलेली बाई, दुसरं काय करणार! म्हणूनच त्या राजदूत होऊन अबू धाबीला आल्या त्या पहिल्याच आठवड्यात जे घडलं, ते माझ्या नवऱ्याला, सुजीतला, मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "छाया, उगाच पदरचं घालू नकोस."

पदरचं एक अक्षर नाही. मी पोलंडच्या वकिलातीत राजदूतांची सेक्रेटरी. राजदूत येतात आणि जातात, मी आपली त्याच टेबलाशी. त्या दिवशी मॅडम मीटिंगला निघाल्या, गाडीपर्यंत गेल्या आणि चष्मा विसरला म्हणून परत आल्या. चष्मा उचलला, पण निघायचं सोडून माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या. काही बोलेनात, नुसते ओठ हलत होते. मला वाटलं, चक्कर आली की काय. पण निघालेलं माणूस मागे फिरलं की त्याला घटकाभर बसवायचं, घोटभर पाणी द्यायचं आणि मगच पुन्हा निघू द्यायचं, हे आईनं माझ्यात इतकं मुरवलंय की माझा हात आपोआप पाण्याकडे गेला. भरलेला ग्लास मी त्यांच्यापुढे ठेवला.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं.

"तुम्ही मागे फिरलात ना, म्हणून."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडेही आहे हे?"

त्यांच्या देशात परत आलेल्या माणसानं बसून मनात दहापर्यंत आकडे मोजायचे असतात, नाहीतर ज्या कामाला निघालो ते काम होत नाही. त्यांची आजी हे पाळायची, आई पाळायची आणि कायद्याच्या डॉक्टर झालेल्या या बाईही चोरून पाळत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे आकडेबिकडे नाहीत, आमच्याकडे पाणी. मॅडमनी निकाल द्यावा तसा विचार केला आणि उठता उठता म्हणाल्या, "बसणं मान्य. पाणी अमान्य. त्याला आमच्याकडे काही आधार नाही."

झालं! तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते पाच वर्षं चाललं. मॅडम विसरायच्याही भरपूर. कधी चष्मा, कधी फोन, एकदा तर ज्यांना भेटायला चालल्या त्यांच्यासाठी आणलेली भेटवस्तूच. प्रत्येक वेळी त्या परत येऊन बसायच्या, प्रत्येक वेळी मी ग्लास पुढे करायची आणि प्रत्येक वेळी तो तसाच भरलेला राहायचा. मीही कोथरूडची आहे, सहजासहजी हार मानणार नाही. एकदा मी वाळ्याचं सरबत ठेवून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "पुराव्यात फेरफार."

तुम्हाला वाटेल, राजदूत म्हणजे मोठ्या गाड्या आणि मोठ्या पार्ट्या. आमच्या मॅडमचं तसं नव्हतं. त्यांचं पूर्ण नाव डॉ. यादविगा क्रुपिन्स्का. आमच्या घरात त्यांना पहिल्या दिवसापासून 'यादवबाई' म्हणतात, ते सुजीतचं काम. या यादवबाईंनी तरुणपणी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. साध्या माणसानं सरकारी दारात अर्ज दिला तर सरकारनं त्याला कसं आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं, एवढाच विषय. पाचशे पानं! वाचणारे थोडे, पण त्या थोड्यांत त्यांच्या परराष्ट्र खात्यातला कुणीतरी होता. त्यानं त्यांना एका कराराच्या मसुद्यासाठी सल्लागार म्हणून बोलावलं. दोन महिन्यांसाठी गेलेल्या बाई परत विद्यापीठात आल्याच नाहीत. आधी जिनिव्हा, मग कुठल्या कुठल्या परिषदा. पण मन सगळं त्या पाचशे पानांत अडकलेलं. त्यांच्या देशात एक पद आहे. सरकारनं ज्याच्यावर अन्याय केला त्यानं जिथं जायचं, असा लोकांचा वकील. संसद मतदान करून त्याला निवडते. मॅडमचं नाव त्या पदासाठी एकदा पुढे आलं होतं आणि त्या चार मतांनी पडल्या होत्या. त्यानंतर त्यांना राजदूत करून इथं पाठवलं. लोक अभिनंदन करायचे तेव्हा त्या हसायच्या, पण मला ते हसणं कळायचं.

इथं आल्यावर त्यांनी काय केलं असेल? वकिलातीच्या खिडकीशी त्यांच्या देशाचा कुणीही तक्रार घेऊन आला की त्याला आत बोलवायचं, असा नियम केला. "उभ्या माणसाची तक्रार ऐकायची नाही. उभा माणूस घाईघाईनं चुकीचं सांगतो. आधी त्याला बसवा." बसवायचं काम त्यांचं, आणि आलेल्याला पाणी दिल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून पाण्याचं माझं. पासपोर्ट हरवलेली पोरं, हॉटेलातून नोकरी गेलेला एक केक बनवणारा, नवऱ्याशी भांडून बॅगेसकट आलेली एक बाई, सगळे त्याच खुर्चीत बसले आणि सगळे पाणी प्यायले. मॅडम सोडून सगळे!

आणि मग या जूनमध्ये वॉर्सामधून फोन आला. मॅडमचं नाव पुन्हा पुढे आलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी संसदेत भाषण, प्रश्नोत्तरं आणि लगेच मतदान. उमेदवारानं स्वतः हजर राहायचं, नाहीतर नाव बाद. मॅडम एकसष्ट वर्षांच्या. पुढची संधी मिळायची नाही, हे त्याही जाणून होत्या आणि मीही. आठवडाभर मला झोप नाही. घरी पोळ्या करताना मी मतांचे हिशेब करत होते. माझी मुलगी मुग्धा म्हणाली, "आई, यू डोन्ट इव्हन नो देअर पार्टीज!" मी म्हटलं, "पार्ट्या कळायला कशाला लागतात? बाई चांगली आहे, एवढं कळलं की पुरे."

गुरुवारी दुपारी दीडचं विमान. आखातातला आकाशमार्ग अधूनमधून बंद होत असल्यानं आधीच्या दोन दिवसांत विमानं कधी उडत होती, कधी रद्द होत होती, म्हणून हे एकच भरवशाचं होतं. साडेदहाला मॅडम निघाल्या. सगळा स्टाफ दारात. कुणी टाळ्या वाजवतंय, कुणी फोटो काढतंय. मी आतल्या आत देवाचा धावा करतेय. गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मॅडम उतरून लगबगीनं परत येताना दिसल्या.

चष्मा! दुसरं काय असणार!

मी आत धावले, चष्म्याचं घर उचललं, बाहेर धावले. मॅडम उंबऱ्याच्या बाहेर, मी आत. मी चष्मा उंबऱ्यावरूनच त्यांच्या हातात कोंबला आणि ओरडले, "यल्ला मॅडम, यल्ला, चला लवकर! ट्रॅफिक लागेल!" अक्षरशः ढकललंच मी त्यांना. गाडी गेली. सगळे आत आले. मी खुर्चीत टेकले, समोरची रिकामी खुर्ची बघितली, टेबलावरचा पाण्याचा ग्लास बघितला आणि ताडकन उभी राहिले.

त्या बसल्या नव्हत्या. मागे फिरल्या होत्या आणि बसल्या नव्हत्या. आणि न बसवता त्यांना पिटाळलं होतं ते मी. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कामाला निघालेल्या बाईला!

हसा. मला माहीत आहे हे हसण्यासारखं आहे. मी एम.कॉम. आहे, मीही दुसऱ्या कुणाला हसले असते. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती चार मतं होती. मी पाण्याची बाटली उचलली, पर्स उचलली, टॅक्सी थांबवली आणि ड्रायव्हरला म्हटलं, "एअरपोर्ट, जल्दी, भाईसाब!" मक्ता ब्रिज ओलांडल्यावर लक्षात आलं की फोन टेबलावरच राहिलाय. म्हणजे मीही काहीतरी विसरले होते. परत फिरावं तर मलाही बसावं लागणार! मी म्हटलं, खलास, आता पुढेच.

एअरपोर्टवर चेक-इनच्या रांगा तुडुंब. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. मॅडम कुठंच नाहीत. तेवढ्यात एका काउंटरवर ऑस्कर दिसला. ऑस्कर वसईचा, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. त्याची बायको लिनेट नाताळात आम्हाला केक देते, मी त्यांना दिवाळीत चकल्या. त्याला बघून मला रडूच फुटलं.

"छायाताई! तुम्ही इथं? काय झालं?"

"अरे, आमच्या अँबॅसेडर मॅडम, दीडची फ्लाइट. चेक-इन झालं का बघ रे पटकन."

ऑस्करनं स्क्रीन बघितली. "नाही ताई. अजून आल्याच नाहीत. सव्वाबारा वाजलेत, साडेबाराला काउंटर क्लोज होणार."

नाही आल्या? माझ्या आधी निघालेली गाडी! माझ्या मनात अपघातापासून काय काय येऊन गेलं. ऑस्करनं आपला फोन दिला. मॅडमचा नंबर लागेना. मग मी ड्रायव्हर फिरदोसला फोन लावला.

"फिरदोसभाई, मॅडम किधर हैं?"

"दीदी, हम एअरपोर्ट वापस आ रहे हैं। पंद्रह मिनट।"

"वापस? कहाँ से वापस?"

"ऑफिस से। मॅडमने आधे रास्ते से गाड़ी घुमवा दी। बोलीं, कुर्सी में बैठना है। आपकी टेबल के सामने बैठीं, कुछ गिना, फिर पूछा छाया कहाँ है। आपका फोन टेबल पे बज रहा था।"

मी मटकन सामानाच्या ट्रॉलीवरच बसले. मी त्यांना बसवायला इकडे येत होते तेव्हा त्या बसण्यासाठी तिकडे परत चालल्या होत्या. हायवेच्या एका बाजूनं माझी टॅक्सी आणि दुसऱ्या बाजूनं त्यांची काळी गाडी, झेंड्यासकट! आम्ही दोघी शिकलेल्या बायका एकमेकींना ओलांडून गेलो होतो.

"ऑस्कर, पाच मिनिटं उशीर झाला तर?"

"ताई, माझ्या हातात काही नाही. सिस्टीम लॉक होते. साडेबारा म्हणजे साडेबारा." त्याचाही चेहरा उतरला. मग म्हणाला, "पण ऑनलाइन चेक-इन केलं असेल तर? बॅग नसेल तर थेट गेटला जाता येतं."

"मोठी बॅग आहे रे! नवा कोट आहे त्यात, भाषणाचा!"

"बॅग सोडा. त्यांना सांगा, कोट अंगावर घाला. बाकी सगळं राहू दे."

मी पुन्हा फिरदोसला फोन लावला आणि मॅडमना द्यायला सांगितलं. "मॅडम, बॅग नाही न्यायची! चेक-इन फोनवर करा, आत्ताच्या आत्ता! गाडीत बॅग उघडा, कोट घाला, भाषणाचे कागद घ्या, चष्मा घ्या!"

पलीकडून मग मॅडमचा तो शांत आवाज: "छाया, बाहेर चव्वेचाळीस डिग्री आहे आणि कोट लोकरीचा आहे."

"घाला!" मी राजदूतावर ओरडले. चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

बारा तेहतीसला काळी गाडी दाराशी लागली. मॅडम उतरल्या त्या अबू धाबीच्या भर जूनमध्ये गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी कोट घालून. एका हातात कागद, एका हातात चष्म्याचं घर. लोक बघत राहिले. मी धावत जाऊन बाटली पुढे केली. "मॅडम, पाणी! एक घोट!"

त्यांनी बाटलीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि धापा टाकत म्हणाल्या, "आता तर विमानतळाचा कायदाही माझ्या बाजूनं आहे. बाटली आत नेता येत नाही." आणि मला एका हातानं घट्ट जवळ घेऊन त्या पळाल्या. एकसष्ट वर्षांच्या, लोकरी कोटातल्या, माझ्या यादवबाई. ऑस्करनं काउंटर दुसऱ्याच्या हवाली केलं आणि त्यांना सिक्युरिटीतून थेट गेटपर्यंत सोडायला धावत गेला. एक चाळीसला तो परत मला शोधत आला आणि म्हणाला, "गेल्या, ताई. दार लावता लावता शिरल्या." मी ती बाटली तिथंच उभ्या उभ्या संपवली.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलला नसते एवढी गर्दी होती. सुजीत, मुग्धा, ऑस्कर, लिनेट आणि ड्यूटी संपवून आलेला फिरदोस. मी साबुदाणा वडे तळले होते, लिनेटनं चिकन पॅटिस आणले होते. मुग्धानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. वॉर्साच्या संसदेचं थेट प्रक्षेपण, सगळं पोलिशमध्ये. मुग्धा फोनवर भाषांतर बघून इंग्रजीत सांगत होती.

मॅडम व्यासपीठावर आल्या. तोच कोट! बोलल्या थोडंच. मग प्रश्न सुरू झाले. एक जाडा गृहस्थ उठला आणि हात नाचवत बराच वेळ बोलला.

"काय म्हणतोय मेला?" मी विचारलं.

"ही सेज शी हॅज लिव्ह्ड इन फाइव्ह-स्टार कंट्रीज. हाऊ विल शी नो ऑर्डिनरी पीपल? व्हॉट विल शी डू फर्स्ट?"

"फाइव्ह-स्टार!" मी हातातला झारा आपटला. "ये म्हणावं इकडे, दाखवते तुला आमची खिडकी!"

"छाया, त्याला ऐकू जात नाही," सुजीत म्हणाला.

मॅडम एकच वाक्य बोलल्या. मुग्धा फोनकडे बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि माझी पोर कितीतरी दिवसांनी माझ्याशी मराठीत बोलली. "आई, ती म्हणतेय, जो दारात येईल त्याला आधी बसवीन."

लिनेटनं माझा हात धरला.

मग मतदान. मोठ्या फलकावर हिरवे आणि लाल ठिपके उमटायला लागले. हिरवे पुढे, मग लाल पुढे, मग पुन्हा हिरवे. ऑस्करनं क्रॉस केला, फिरदोस 'या अल्लाह' म्हणत होता, मी रामरक्षेची जी ओळ आठवेल ती म्हणत होते. ठिपके थांबले. आकडे आले. मला आकडे वाचताच येईनात, डोळे भरले होते. सुजीत सोफ्यावर उभा राहून ओरडला, "आल्या! यादवबाई आल्या! नऊ मतांनी!"

काय तो गोंधळ! शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. ऑस्कर म्हणाला, "ठोकू दे, खालून तर कुणी ठोकणार नाही, तिथं आम्हीच राहतो!"

पडद्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॅडमना शपथेसाठी बोलावलं. त्या आपल्या जागेवरून उठल्या, व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या, समोर शपथेचा कागद ठेवला गेला. त्यांनी खिसे चाचपले. एक खिसा, दुसरा खिसा. मी किंचाळले, "चष्मा!"

मॅडम वळल्या. पायऱ्या उतरून, अख्ख्या संसदेसमोर, परत आपल्या जागेपर्यंत गेल्या. बाकावरचा चष्मा उचलला. अध्यक्ष थांबून राहिले, कॅमेरा त्यांच्यावरच होता. आणि मॅडम निघाल्या नाहीत. त्या खाली बसल्या.

तिकडे सभागृहात कुजबुज सुरू झाली असावी. आमच्या हॉलमध्ये कुणीच हललं नाही. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मी त्यांच्याबरोबर मोजत होते, एक, दोन, तीन. दहा झाले. आता त्या उठतील.

त्या उठल्या नाहीत. त्यांच्या पुढ्यात बाकावर पाण्याचा ग्लास होता. त्यांनी तो उचलला, कॅमेऱ्याकडे एकदा नीट बघितलं आणि सगळाच्या सगळा पिऊन टाकला.